एक बिल्टी, दोन तिकिटे

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला बिल्टीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. इचलकरंजीहून कापडाच्या गाठी गुवाहाटीला निघाल्या, की वाटेत एक-दोन ठिकाणी ट्रक बदलतो, गोदाम बदलते, हमालही बदलतात. तरीही पेढीवरचा माणूस निश्चिंत असतो, कारण बिल्टी एकच असते. माल कुठे अडला, तर त्याचे उत्तर ट्रान्सपोर्टवाल्याने द्यायचे असते. परंतु त्याच गाठी नागपूरपर्यंत एका बिल्टीने आणि पुढे दुसऱ्या बिल्टीने पाठवल्या, तर नागपुरात त्या उतरवून घेणे, सांभाळणे आणि पुन्हा चढवणे हे काम मालकाचे होते. मधल्या काळात जे बिघडेल, तेही मालकाचेच.

बँकेच्या परकीय चलन विभागात अनेक वर्षे काम करताना मला हेच तत्त्व अधिक काटेकोर भाषेत रोज वाचावे लागे. पतपत्रांचे, म्हणजे आपण ज्यांना एलसी म्हणतो त्यांचे, व्यवहार जगभर यूसीपी ६०० या नियमावलीनुसार चालतात. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्या विसाव्या कलमात असे म्हटले आहे, की माल वाटेत एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढवला जाईल असा उल्लेख बिल ऑफ लेडिंगवर असण्यास हरकत नाही. मात्र संपूर्ण वाहतूक एकाच बिल ऑफ लेडिंगखाली असली पाहिजे. न्हावा-शेवाहून निघालेला कंटेनर कोलंबोला जहाज बदलो, नाहीतर सिंगापूरला; बँकेची त्याला ना नाही. कागद मात्र एक हवा.

मालाच्या बाबतीत इतकी दक्षता बाळगणारी आपली कुटुंबे स्वतःच्या घरातील माणसांना परदेशी पाठवताना हा नियम सहज विसरतात, असे मला अलीकडे वारंवार जाणवू लागले आहे. आज आपल्या बहुतेक घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे. कुणी शिकण्यासाठी गेले आहे, कुणी व्यापारासाठी, कुणी संसारासाठी. तिकिटे काढण्याचे काम घरातील तरुण मंडळी फोनवर करतात, आणि हिशेबी घरात वाढलेली असल्यामुळे त्यांच्या लक्षात एक गोष्ट चटकन येते. मुंबई ते बोस्टन असे सलग तिकीट काढण्याऐवजी मुंबई ते दुबई एक आणि दुबई ते बोस्टन दुसरे, असे तोडून घेतले, तर कधीकधी चांगली रक्कम वाचते. ही बचत खरी असते. ती कशाच्या बदल्यात मिळते, एवढाच प्रश्न आहे.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो मुलीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने. थोरली मुलगी बोस्टनला असते. एप्रिलमध्ये तिचे दिवस भरत होते आणि मार्चअखेर सौ.ने तिकडे पोहोचायचे ठरले. घरी नव्वदीच्या मातोश्री असल्याने मला बरोबर जाणे शक्य नव्हते. सौ. पासष्टीला आली आहे, गुडघ्यांचे दुखणे जुने आहे, आणि इंग्रजीशी तिचा संबंध सही करण्यापुरता. माझा पुतण्या कापडाच्या व्यापारात असून वर्षातून पाच-सहा वेळा परदेशी जातो. त्याने तत्परतेने दोन तिकिटांची एक योजना आणून दाखवली. दुबईत साडेतीन तासांचे अंतर, आणि जाऊन-येऊन चोवीस हजार रुपयांची बचत.

“काका, साडेतीन तास म्हणजे भरपूर झाले,” तो म्हणाला. “मी दीड तासात विमान बदलतो.”

“दीड तासात विमान बदलतोस ते एका तिकिटावर की दोन तिकिटांवर?” मी विचारले.

तो क्षणभर थांबला. त्यानंतर आम्ही दोघे कागद-पेन घेऊन बसलो. त्या संध्याकाळी जे मांडले, तेच येथे विस्ताराने लिहीत आहे.

एका पीएनआरवरील प्रवासात दुबईला उतरलेल्या प्रवाशाने सुरक्षा तपासणीतून जायचे आणि पुढच्या विमानाचे दार गाठायचे, एवढेच करायचे असते. सामान मुंबईत दिले, की सर्वसाधारणपणे ते बोस्टनलाच मिळते. बॅगेला लावलेल्या टॅगवर शेवटच्या विमानतळाचे नाव आहे की नाही, हे मुंबईच्या काउंटरवरच पाहून घ्यावे. दोन स्वतंत्र तिकिटांवर मात्र पहिल्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी दुबईला पोहोचला, की करार संपला. आता त्याने इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहायचे, त्या देशात प्रवेश करायचा, पट्ट्यावरून सामान उचलायचे, बाहेर पडायचे, आवश्यक तर टर्मिनल बदलायचे, पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभे राहायचे, सामान तोलून द्यायचे, पुन्हा इमिग्रेशन आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. दुबईचे टर्मिनल २ हे टर्मिनल १ आणि ३ पासून वेगळे, धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूस आहे. त्यात चेक-इनचे काउंटर आंतरराष्ट्रीय विमान सुटण्यापूर्वी साधारण एक तास आधी बंद होते. म्हणजे साडेतीन तासांतील एक तास हिशेबातून मुळातच वजा. पहिल्या विमानाला एक तास उशीर झाला, तर उरला दीड तास. आणि त्या दीड तासात वरील सारी यादी पार पाडायची.

दुसरी बाब व्हिसाची. सामान उचलण्यासाठी त्या देशात शिरावे लागते आणि शिरायचे म्हणजे परवानगी हवी. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना दुबईत उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. परंतु तिला अटी आहेत, शुल्क आहे आणि एक रांग आहे. ते शुल्क बचतीतून वजा करावयास हवे. लंडनमार्गे जाताना ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम विमानतळाच्या आत राहणाऱ्यास वेगळे आणि बाहेर पडणाऱ्यास वेगळे आहेत. युरोपमध्ये सामान घेण्यासाठी बाहेर पडायचे, तर शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेत तर एका तिकिटावरही पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होते आणि साधारणतः सामानही तेथे उचलून पुन्हा द्यावे लागते. म्हणून अमेरिकेतून पुढे दुसऱ्या देशात जाणाऱ्यालाही अमेरिकेचा व्हिसा आवश्यक ठरतो. आवश्यक ती परवानगी नसेल, तर वाटेत अडचण येण्याआधीच मुंबईचे काउंटर बोर्डिंग पास नाकारू शकते.

तिसरी बाब जबाबदारीची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील दायित्व १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार ठरते. भारत २००९ पासून त्यात सहभागी आहे. या कराराचे पहिलेच कलम सांगते, की एकापाठोपाठ अनेक कंपन्यांनी केलेली वाहतूक ही संबंधितांनी एकच व्यवहार मानली असेल, तर ती एक अखंड वाहतूक समजावी. ही तर आपली बिल्टीच! उशिरामुळे झालेल्या नुकसानीची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे ६,३०३ एसडीआर इतकी आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून बँकेतील लोकांच्या ते परिचयाचे आहे. तथापि उशीर टाळण्यासाठी आपण शक्य ते सर्व केले, असे कंपनीने सिद्ध केले, तर तिचे दायित्व उरत नाही. शिवाय असा दावा नंतर, पुराव्यानिशी आणि दोन वर्षांच्या आत करायचा असतो. मध्यरात्री परक्या विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाला दाव्यापेक्षा पुढच्या विमानातील जागा हवी असते. ती जागा एका बुकिंगवर कंपनी देते. दोन बुकिंगवर ती आपली आपण विकत घ्यायची असते.

एक आणि दोन बुकिंगमधील फरक किती मोठा आहे, हे २०१३ साली युरोपीय न्यायालयाने निकाली काढलेल्या एका प्रकरणावरून चांगले समजते. एक प्रवासी जर्मनीतील ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पावलोमार्गे पॅराग्वेची राजधानी असुन्सियोनला निघाली होती. सर्व प्रवास एका बुकिंगवर होता. ब्रेमेनचे विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले, पॅरिसचे विमान चुकले, पुढचेही चुकले आणि ती असुन्सियोनला अकरा तास उशिरा पोहोचली. युरोपच्या नियमानुसार भरपाईसाठी तीन तासांचा उशीर लागतो. न्यायालयाने सांगितले, की उशीर मोजायचा तो अंतिम ठिकाणी. म्हणून भरपाई देय आहे. रक्कम होती ६०० युरो. हाच प्रवास तिने वेगवेगळ्या तिकिटांवर केला असता, तर ब्रेमेन-पॅरिस तिकिटापुरता उशीर तीन तासांच्या आतला ठरला असता आणि पुढची तिकिटे फुकट गेली असती.

फुकट गेली म्हणजे किती, हेही समजून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या तिकिटाच्या पहिल्या विमानासाठी प्रवासी हजर झाला नाही, तर त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही सामान्यतः रद्द होतो. जाताना एक विमान चुकले, की येण्याचीही सोय मोडते.

चौथी बाब वेळापत्रकाची. विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. भारतात आणि दुबईत ती हलतच नाहीत. जानेवारीत पाहिलेले साडेतीन तासांचे अंतर एप्रिलपर्यंत तेवढेच राहील, असे धरून चालता येत नाही. एका बुकिंगवर पहिल्या विमानाची वेळ बदलली, की पुढची जोड बसवण्याची जबाबदारी विक्रेत्या कंपनीवर येते. दोन बुकिंगवर पहिलीला दुसरीचा पत्ताच नसतो.

याखेरीज लहानसहान गोष्टी आहेत, पण प्रवाशाला त्याच अधिक जाचतात. एक कंपनी सामान किलोवर मोजते, तर अमेरिकेकडे जाणारी दुसरी बहुधा नगावर, २३ किलोच्या दोन बॅगा अशी. दोन तिकिटांत ज्या कंपनीचा नियम कडक, तोच आपल्यावर लागू होतो. खाकरा, पापड आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांनी भरलेली बॅग दुबईच्या काउंटरवर उघडून सामान कमी करण्याची पाळी कुणावर येऊ नये. जैन भोजनाची नोंद प्रत्येक बुकिंगवर स्वतंत्रपणे आणि वेळेत करावी लागते; एकीवर केली म्हणून दुसरीवर होत नाही.

आणि चाकांच्या खुर्चीचे काय? सौ.साठी हा प्रश्न मुख्य होता. एका बुकिंगवर ही मदत मुंबईपासून बोस्टनपर्यंत साखळीसारखी चालते. विमानातून उतरताच माणूस उभा असतो आणि तो पुढच्या दारापर्यंत सोडतो. दोन बुकिंगवर पहिल्या कंपनीचा मदतनीस फार तर विमानतळाच्या बाहेरच्या दरवाजापर्यंत येतो. तेथून दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपर्यंतची वाट, दोन बॅगा आणि दुखरे गुडघे, हे सारे प्रवाशाचे.

पुतण्याने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एक रास्त मुद्दा मांडला. “काका, तुम्ही बँकेत होतात म्हणून प्रत्येक गोष्टीला जामीन मागता. विमान चुकण्याची शक्यता किती, तेही मोजा ना.”

मोजली. समजा, जोड चुकली, तर ऐनवेळचे तिकीट एक लाखाचे, आणि हॉटेल वगैरे वीस हजार. एकूण एक लाख वीस हजार. जाताना एक जोड, येताना एक, अशा दोन. बचत चोवीस हजार. गणित सोपे आहे: प्रत्येक जोड चुकण्याची शक्यता दहात एक असेल, तर बचत आणि संभाव्य तोटा बरोबरीत सुटतात. शक्यता त्याहून कमी असेल, तर कागदावर दोन तिकिटेच फायद्याची ठरतात. येथे पुतण्याचे म्हणणे बरोबर होते आणि मी ते मान्य केले. त्याच्यासारख्या वारंवार जाणाऱ्याला हे गणित लागूही पडते. दहा-वीस प्रवासांत एखादे विमान चुकले, तरी बाकीच्यांच्या बचतीतून ते भरून निघते. त्याच्याजवळ हातात मावेल एवढीच बॅग असते, भाषा येते, खिशात कार्ड असते. शिवाय तो दुबईत दोन दिवस ग्राहकांना भेटून मग नैरोबीला जातो. मधले अंतर साडेतीन तासांचे नसून दोन दिवसांचे असेल, तर दोन तिकिटांत धोका जवळजवळ उरतच नाही. ते खऱ्या अर्थाने दोन स्वतंत्र प्रवास असतात.

परंतु सरासरी ही वारंवार जाणाऱ्याची. जो माणूस पाच वर्षांतून एकदा जातो, त्याला सरासरी भेटत नाही. त्याला एकच प्रवास भेटतो. विमा कंपनी हजारो गोदामांचा हिशेब एकत्र करते म्हणून तिला जोखीम घेणे परवडते. एकाच गोदामाच्या मालकाने तेच करायचे ठरवले, तर त्याला धाडस म्हणतात. दोन तिकिटे तोडून घेणारा प्रवासी स्वतःच स्वतःचा विमेदार होतो, आणि वाचलेली रक्कम हा त्याने स्वतःकडे ठेवलेला हप्ता असतो. ती खर्च करून टाकण्याची रक्कम नव्हे.

शिवाय तोटा रुपयांत मोजण्याजोगा असेल, तरच हे गणित चालते. बाळंतपणाची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. भाषा न येणारी, पायांनी अधू स्त्री परक्या विमानतळावर एकटी रात्र काढते आहे, याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची? मी पुतण्याला एवढेच विचारले, “तुझ्या काकूच्या जागी पन्नास लाखांचा माल असता, तर तू तो दोन बिल्ट्यांवर पाठवला असतास का?” तो हसला आणि त्याने दुसरी योजना बाजूला सारली. सौ.ला मात्र चोवीस हजार अधिक द्यावे लागणार याचे वाईट वाटले. “तेवढ्यात नातवाला सोन्याचे काही झाले असते,” असे ती दोनदा म्हणाली. तरीही तिकीट एकाच बुकिंगवर निघाले.

येथे वाचकांना एक गोष्ट सुचवाविशी वाटते. आपल्यापैकी अनेकांचा प्रवास मुंबईला सुरू होत नाही आणि मुंबईला संपतही नाही. परदेशाहून मुंबईला उतरून त्याच दिवशी कोल्हापूर, जळगाव किंवा नागपूरकडे जाणारे देशांतर्गत विमान किंवा रेल्वे पकडणे, हीसुद्धा दोन तिकिटांचीच जोड आहे. सामान मुंबईत कस्टमसाठी साधारणतः घ्यावेच लागते, आणि पुढचे विमान टर्मिनल १ वरून असेल, तर सहारहून सांताक्रुझच्या बाजूला रस्त्याने जावे लागते. पुण्याहून मोटारीने निघणाऱ्याचा द्रुतगती मार्ग हाही एक पहिला टप्पाच आहे. घाटात वाहतूक अडली, तर विमान थांबत नाही. या जोडी टाळता येत नाहीत. म्हणून तेथे अंतर सढळ हाताने ठेवावे, जाताना शक्य तर आदल्या दिवशी मुंबई गाठावी.

ज्यांना तिकिटे तोडूनच घ्यावयाची आहेत, त्यांनी मधे किमान एक रात्र ठेवावी. त्या देशात प्रवेशाची परवानगी हातात घ्यावी. दोन्ही विमाने एकाच विमानतळावरून आहेत ना, ते नीट पाहावे. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक वेगळे, टोकियोला नारिता आणि हानेडा वेगळे. काही संकेतस्थळे अशी तुटक तिकिटे एकत्र विकतात आणि त्यावर हमीही देतात. ती हमी विमान कंपनीची नसून विक्रेत्याची असते, तेव्हा तिच्या अटी वाचाव्यात. प्रवास विम्यातही चुकलेल्या जोडीबद्दल नेमके काय लिहिले आहे, ते हप्ता भरण्यापूर्वी पाहावे. आणि पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न स्पष्ट विचारावा: पहिले विमान उशिरा आले, तर पुढची जागा कोण देणार? उत्तरात कंपनीचे नाव आले, तर बिल्टी एक आहे. उत्तर आले नाही, तर ते आपले नाव आहे असे समजावे.

सौ. मार्चअखेर गेली. मुंबईचे विमान वेळेवर सुटले, दुबईत खुर्ची घेऊन माणूस उभा होता आणि बॅगा बोस्टनला मिळाल्या. एकही मिनिट उशीर झाला नाही. पुतण्याने दुसऱ्या दिवशी फोन करून “काका, चोवीस हजार वाया गेले की!” असे गमतीने म्हटले. त्याच्या गोदामाचा आगीचा विमा त्याच आठवड्यात नूतनीकरणासाठी आला होता. गेली अकरा वर्षे गोदामाला आग लागलेली नाही, तरी यंदाही त्याने हप्ता भरला आहे. तेवढे मी त्याला विचारून घेतले.